नागनदीच्या पाण्यातून फाज वेगळा करताना: नमुन्यापासून टायटरपर्यंत, क्रमाने

सांडपाण्यातून बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू, वेगळा काढायचा प्रोजेक्ट सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आवडीने घेतात. खर्च कमी, यंत्रं साधी, आणि नागपुरात नमुन्यांची वानवा नाही. तरी बऱ्याच जणांचं गाडं एकाच जागी रुततं. प्लेटवर नमुन्याचा थेंब टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ डाग दिसला, की वहीत ‘फाज मिळाला’ अशी नोंद होते. मग टायटर, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती फाज आहेत तो आकडा, काढायला जावं तर एकही प्लाक (जिवाणूंच्या थरात एका फाजपासून पडलेला मोकळा ठिपका) येत नाही, आणि महिना संपत आलेला असतो.

डाग म्हणजे फाज नव्हे. विरलन केल्यावर, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ केल्यावर, सुटे, मोजता येणारे प्लाक आले आणि त्यातला एक प्लाक उचलून पुन्हा तसेच प्लाक मिळाले, तरच फाज हाती लागला म्हणायचं. खालचा सगळा क्रम त्यासाठी आहे. यजमान, म्हणजे फाज ज्याच्यात वाढतो तो जिवाणू, म्हणून ई. कोलाय धरला आहे, कारण तो सुरक्षित प्रकारांत मिळतो आणि त्याचे फाज सांडपाण्यात मुबलक असतात.

## आधी एवढं पक्कं करा

फाजला स्वतःची हालचाल नसते. द्रवात तो इकडेतिकडे ढकलला जातो आणि योगायोगाने पेशीवर आदळतो. आदळल्यावर चिकटायला पेशीच्या पृष्ठभागावर त्याचा ठरलेला ग्राही रेणू असावा लागतो. टी४ हा फाज ई. कोलायच्या बाह्य आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडला आणि ओम्प-सी या प्रथिनाला धरतो, लॅम्डा फाज लॅम-बी प्रथिनाला, तर एमएस२ फाज एफ-पिलसला, म्हणजे काही पेशींवर असणाऱ्या केसासारख्या तंतूला. एफ-पिलस नसलेला यजमान घेतलात, तर एमएस२च्या जातीचे फाज नमुन्यात हजारोंनी असले तरी प्लेट कोरीच राहील. अनेक फाजना चिकटताना कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे आयन लागतात. हे क्षार विसरल्यामुळे जेवढे प्रयोग फसतात, तेवढे नमुना खराब असल्यामुळे फसत नसतील.

चिकटल्यावर फाज आपलं जनुकद्रव्य आत सोडतो आणि पेशीची यंत्रणा ताब्यात घेतो. भरपूर अन्न असलेल्या माध्यमात, ३७ अंश सेल्सिअसला, टी४ने लागण केलेली पेशी साधारण २५ मिनिटांत फुटते आणि शंभर ते दोनशे नवे फाज बाहेर पडतात. ते शेजारच्या पेशी गाठतात. जिवाणूंच्या दाट थरात असं चक्र पुन्हा पुन्हा फिरलं की डोळ्यांना दिसणारा मोकळा ठिपका तयार होतो. तोच प्लाक.

बहुतेक फाज वाढत्या पेशीतच जोमाने वाढतात. प्लेटवरचा जिवाणूंचा थर, ज्याला लॉन म्हणतात, तो पूर्ण वाढून थांबला की प्लाकही मोठे व्हायचे थांबतात. (टी७ याला अपवाद आहे. त्याचे प्लाक लॉन थांबल्यावरही पसरत राहतात.) म्हणजे फाजला मिळतात ते मोजके तास. शिळा, रात्रभर पडून राहिलेला कल्चर (द्रवात वाढवलेले जिवाणू) वापरला की त्या तासांतच कपात होते.

## १. तयारी: नमुना सगळ्यांत शेवटी आणा

सर्रास दिसणारी चूक म्हणजे आधी बाटली भरून आणायची आणि मग अगार वितळवायला घ्यायचा. दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या सांडपाण्यात बाकीचे जिवाणू वाढलेले असतात आणि फाज कमी झालेले असू शकतात. म्हणून खालच्या गोष्टी तयार झाल्याशिवाय नदीकडे जाऊ नका.

ब्रॉथ, म्हणजे जिवाणूंचं द्रव खाद्य: एलबी नावाचं चालेल. एक लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. समृद्धीकरणासाठी (नमुन्यातले फाज यजमानाबरोबर रात्रभर वाढवून घेणं, पायरी ५) याच्याच दुप्पट तीव्रतेचा थोडा ब्रॉथ वेगळा करून ठेवा.

खालचा थर: प्लेटवर अगारचे दोन थर येतात, वरच्यात यजमान आणि फाज मिसळून ओततात. खालच्यासाठी त्याच ब्रॉथमध्ये १.५ टक्के अगार. ९० मिलिमीटरच्या प्लेटला १५ ते २० मिलिलिटर ओता.

वरचा थर, म्हणजे सॉफ्ट अगार: ०.६ टक्के. प्रत्येक नळीत ४ मिलिलिटर भरून ऑटोक्लेव्ह करा. एकाच मोठ्या बाटलीतून ऐनवेळी मोजत बसलात, तर शेवटच्या प्लेटपर्यंत अगार गोठतो.

एसएम बफर: एक लिटरला मीठ ५.८ ग्रॅम, सात रेणू पाणी असलेलं मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, पीएच ७.५चा एक मोलर ट्रिस-एचसीएल ५० मिलिलिटर. जमलं तर २ टक्के जिलेटिनचं द्रावण ५ मिलिलिटर. फाज पातळ करायला आणि साठवायला हेच वापरायचं.

कॅल्शियम क्लोराइड: एक मोलरचा साठा. दोन रेणू पाणी असलेला क्षार १४.७ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर करा. हा वेगळा निर्जंतुक करा आणि थंड झालेल्या माध्यमात मागून मिसळा. १० मिलिलिटरमध्ये १० मायक्रोलिटर टाकले की एक मिलिमोलर होतं. एक ते पाच मिलिमोलरच्या मध्ये राहा.

सावधान: फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये कॅल्शियम टाकलं की ते फॉस्फेटला धरून पांढरं खाली बसतं आणि फाजच्या कामाचं राहत नाही. सायट्रेट आणि ईडीटीए तर हे आयन पकडूनच ठेवतात. ‘पीएच तोच आहे ना, मग चालेल’ म्हणून एसएमऐवजी हाताला लागेल तो बफर घेऊ नका. नळाचं पाणीही नको. पेंच-कन्हानचं असलं तरी आपल्या घरी येतं ते क्लोरीन घातलेलं असतं.

खालच्या थराच्या प्लेट ओतल्यावर एक रात्र उलट्या ठेवून सुकू द्या. इथे नागपूरचं हवामान मधे येतं. पावसाळ्यात झाकणाखाली वाफ धरते, तिचे थेंब वरच्या थरावर पडतात आणि प्लाक एकमेकांत वाहून जातात. अशा दिवसांत प्लेट ३७ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये झाकण किंचित तिरकं ठेवून अर्धा-पाऊण तास सुकवून घ्या. मे महिन्यात उलट होतं. प्लेट बाहेर ठेवल्या तर चार दिवसांत अगार कडेने सुटायला लागतो आणि कोरड्या थरावर फाज पसरत नाहीत, प्लाक टाचणीच्या टोकाएवढे राहतात. उन्हाळ्यात ओतलेल्या प्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

## २. यजमान जिवाणू: ओळख पटलेलाच घ्या

चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जिवाणूंचे साठे ठेवणाऱ्या संग्रहांतून मागवलेला, क्रमांक असलेला, रोगकारक नसलेला प्रकार घ्या. प्रयोगशाळेत ‘ई. कोलाय’ एवढंच लिहिलेली जुनी नळी असते. तिच्यावर काम करू नका. दवाखान्यातून आलेले आयसोलेट, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळे काढलेले जिवाणू, तर पदवीच्या प्रोजेक्टला हातच लावायचे नाहीत.

के-१२, बी आणि सी असे ई. कोलायचे कुळभेद आहेत, आणि इथे निवड महत्त्वाची ठरते. मूळच्या के-१२ प्रकाराच्या गुणसूत्रात लॅम्डा फाज आधीपासून दडलेला असतो. असा यजमान घेतला, तर प्लेटवर दिसणारा प्लाक नागनदीचा की यजमानाच्या पोटातला, हा प्रश्न उभा राहतो. एमजी १६५५सारख्या उपप्रकारांतून तो काढून टाकलेला आहे. के-१२कडे परकं डीएनए कापणारी विकरंही असतात, त्यामुळे बाहेरून आलेले काही फाज त्यात फार कमी प्लाक देतात. ई. कोलाय सी प्रकारात ही कापणी नसते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शोधायला सी, आणि पुढच्या तुलनेसाठी के-१२.

प्लेटवरची एक सुटी वसाहत ५ मिलिलिटर ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवा. प्रयोगाच्या दिवशी सकाळी त्यातला शंभरावा हिस्सा ताज्या ब्रॉथमध्ये टाका आणि ३७ अंशाला हलवत ठेवा. दोन-अडीच तासांत ६०० नॅनोमीटरवरची घनता ०.३ ते ०.५ झाली की नळी बर्फावर ठेवा. कॉलेजच्या कलरीमीटरला ६००चा फिल्टर नसेल तर जवळचा घ्या, पण प्रत्येक वेळी तोच घ्या.

तपासा: यजमानाचा कल्चर सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव गाळा आणि त्याच यजमानाच्या लॉनवर थेंब टाका. काहीही दिसता कामा नये. यजमानातच लपलेल्या फाजची पहिली चाळणी इथे होते, आणि ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

## ३. नमुना: कुठला, कधी, कसा

ई. कोलाय आतड्यात राहतो. म्हणून त्याचे फाज मानवी सांडपाणी जिथे ताजं मिसळतं तिथे शोधायचे. नागनदी अंबाझरीकडून निघून शहराच्या पोटातून पारडीकडे जाते आणि वाटेत तिला सांडपाणी मिळत राहतं. पिवळी नदीही चालेल. गोरेवाड्याच्या तलावातून बाटली आणून ‘फाज नाहीत’ म्हणणं बरोबर नाही. तिथे यजमानच विरळ, तर फाज कुठून येणार? भांडेवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नमुना हवा असेल, तर कॉलेजच्या पत्रावर आधी परवानगी काढा आणि आत येणारं कच्चं पाणी मागा. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात फाज कमी असतात, आणि त्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही काम करत राहतं. तसं पाणी घ्यावंच लागलं, तर निर्जंतुक बाटलीत आधी थोडं सोडियम थायोसल्फेट टाकून ठेवा. त्याने क्लोरीन निष्प्रभ होतं.

दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावर जा. मुसळधार पावसानंतर नदीचं पाणी पातळही होतं आणि गढूळही. मातीच्या बारीक कणांना फाज चिकटून बसतात, आणि गाळ काढताना तुम्ही तेच फेकून देता.

बाटली निर्जंतुक, २५० मिलिलिटरची, तीन-चतुर्थांशच भरायची. हातमोजे, मास्क, बंद बूट. काठ निसरडा असतो, म्हणून एकट्याने जाऊ नका. बाटलीला दोरी बांधून सोडा, वाकून हात बुडवू नका. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान तिथल्या तिथे लिहा. मग बाटली सरळ बर्फाच्या डब्यात. एप्रिल-मेमध्ये डिक्कीत किंवा उन्हात लटकवलेल्या पिशवीत ठेवलेली बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तापलेली असते. ऊन फाजना मारतं, आणि उष्णतेने बाटलीतले बाकीचे जिवाणू फोफावतात. सकाळी लवकर जाऊन त्याच दिवशी काम सुरू करा.

सावधान: कच्च्या सांडपाण्यात टायफॉइड आणि हिपॅटायटिस एचे जंतू असू शकतात. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, हाताला जखम असेल तर नमुना घ्यायला जायचं नाही. हे काम घरच्या स्वयंपाकघरात करायचं नाही.

## ४. गाळणं: क्रम उलटा करू नका

आधी सेंट्रिफ्यूज, मग फिल्टर. कच्चं सांडपाणी थेट ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून ढकललं, तर दोन मिलिलिटरनंतर तो तुंबतो. मग अंगठ्याने जोर लावला जातो आणि आतलं पटल फाटतं. फाटलेलं बाहेरून दिसत नाही. पाणी मात्र एकदम सहज यायला लागतं, आणि लोकांना वाटतं चोंदलेलं सुटलं.

५,००० आरपीएमला १५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव अलगद काढा, गरज पडली तर ०.४५ मायक्रॉनमधून आणि मग ०.२२मधून गाळा. टी४ हा टोकापासून टोकापर्यंत सुमारे २०० नॅनोमीटर असतो, पण त्याचं डोकं बारीक आहे आणि तो सहज निघतो. फिल्टर पॉलिइथरसल्फोन किंवा सेल्युलोज अॅसिटेटचा घ्या. नायट्रोसेल्युलोज प्रथिनं धरून ठेवतो, आणि फाजचं कवच प्रथिनाचंच.

फिल्टर नसेल तर क्लोरोफॉर्म हा पर्याय आहे. दहा मिलिलिटरला काही थेंब, हलवून दहा मिनिटं ठेवा, मग सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या. मात्र ज्या फाजमध्ये मेदाचं आवरण असतं ते क्लोरोफॉर्मने मरतात, धाग्यासारखे फाजही त्याला टिकत नाहीत. शिवाय क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनला विरघळवतो. तो काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळीतच वापरा.

तपासा: गाळलेला द्रव १०० मायक्रोलिटर कोऱ्या प्लेटवर पसरून ३७ अंशाला ठेवा. एकही वसाहत उगवली तर फिल्टर फाटला होता. पुन्हा गाळा.

## ५. थेट ओतणं आणि समृद्धीकरण: दोन्ही करा, गल्लत करू नका

थेट ओतण्यात गाळलेला नमुना सरळ यजमानाबरोबर प्लेटवर जातो. कच्च्या सांडपाण्यात बहुधा एवढ्यानेच प्लाक येतात, आणि नमुन्यात नेमके किती फाज होते हे फक्त यातूनच कळतं.

समृद्धीकरणात दुप्पट तीव्रतेचा ब्रॉथ २५ मिलिलिटर, गाळलेला नमुना २५ मिलिलिटर, वाढता यजमान एक मिलिलिटर आणि एक मोलर कॅल्शियम क्लोराइड १०० मायक्रोलिटर एकत्र करून रात्रभर ३७ अंशाला हलवत ठेवतात. सकाळी सेंट्रिफ्यूज करून पुन्हा गाळायचं. दुर्मीळ फाजही यात संख्येने वाढतो. पण ज्याचं चक्र भराभर फिरतं तो बाकीच्यांना मागे टाकतो. नमुन्यात पाच तऱ्हेचे फाज असले तरी सकाळी फ्लास्कमध्ये एकाचंच राज्य असू शकतं. विविधता शोधायची असेल तर थेट ओतलेल्या प्लेटवरूनच वेगवेगळे प्लाक उचला.

समृद्धीकरणानंतरचा आकडा ‘नागनदीतलं फाजचं प्रमाण’ म्हणून लिहिणं साफ चूक आहे. तो तुमच्या फ्लास्कमधला आकडा आहे.

फ्लास्क सकाळी स्वच्छ दिसला नाही म्हणून फेकून देऊ नका. रात्रभरात प्रतिकारक पेशी वाढून द्रव पुन्हा गढूळ होतो, त्यातही फाज भरपूर असू शकतात.

## ६. दुहेरी थर ओतणं

सगळ्या कामात हाताचं कसब लागतं ते इथे. घाई इथेच होते आणि महागही इथेच पडते.

सॉफ्ट अगारच्या नळ्या उकळत्या पाण्यात पूर्ण वितळवा. अर्धवट वितळलेल्या अगारच्या गुठळ्या प्लेटवर प्लाकसारख्याच दिसतात. मग नळ्या ४७-४८ अंशाच्या वॉटर बाथमध्ये निदान १५ मिनिटं ठेवा. तबकडीवरच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहा. ५५च्या पुढे गेलं की यजमानाच्या पेशी मरू लागतात आणि लॉन विरळ येतो. ४२च्या खाली आलं की अगार नळीतच धरायला लागतो. लाईट जाऊन आली असेल तर पुन्हा मोजा.

प्लेट फ्रिजमधून काढून आधी ३७ अंशावर आणा. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या प्रयोगशाळेत टेबल, प्लेट, पिपेट सगळंच गार असतं. गार प्लेटवर ओतलेला थर पसरायच्या आत गोठतो आणि अर्ध्या बाजूला डोंगर, अर्ध्या बाजूला सपाटी अशी प्लेट मिळते.

नमुन्याची विरलनं आधी करून ठेवा. आठ नळ्या, प्रत्येकीत एसएम बफर ९०० मायक्रोलिटर. पहिलीत नमुना १०० मायक्रोलिटर, मिसळा, टिप बदला, पहिलीतून दुसरीत १०० मायक्रोलिटर, आणि असंच पुढे. म्हणजे नळी क्रमांक १ दहापट पातळ, २ शंभरपट, ६ दहा लाखपट. टिप न बदलता पुढे गेलात, तर टिपेच्या भिंतीला चिकटलेले फाज खालच्या नळ्यांत पोचतात आणि टायटर फुगतो.

मग प्रत्येक प्लेटसाठी:

एका छोट्या नळीत यजमान २०० मायक्रोलिटर आणि विरलन केलेला फाज १०० मायक्रोलिटर. कॅल्शियम क्लोराइड यजमानातच मिसळलेलं असू द्या. खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं, जास्तीत जास्त पंधरा. फाजना चिकटायला तेवढा वेळ लागतो. अर्धा तास गप्पा मारत बसलात तर पहिली लागण झालेल्या पेशी नळीतच फुटतील आणि एका फाजचे शंभर प्लाक मोजाल.

वॉटर बाथमधून सॉफ्ट अगारची एक नळी काढा, बाहेरचं पाणी पुसा. ते पाणी प्लेटवर सांडलं तर त्यातल्या जंतूंच्या वसाहती येतात. मिश्रण नळीत टाका. दोन तळहातांत धरून ताक घुसळणाऱ्या रवीसारखी तीन-चार वेळा फिरवा. जोरात हलवू नका, बुडबुडे येतात आणि गोठल्यावर ते गोल प्लाकसारखे दिसतात. लगेच प्लेटच्या मध्यभागी ओता, प्लेट टेबलावरून न उचलता हलकीशी तिरकी करत फिरवा, थर कडेपर्यंत गेला की सोडून द्या. अगार काढल्यापासून प्लेट सपाट होईपर्यंत दहा सेकंदांच्या आत काम व्हायला हवं. नवख्याने आधी नुसतं अगार ओतून चार-पाच प्लेटवर हात बसवून घ्यावा.

पंधरा मिनिटं हलवायचं नाही. मग उलट करून ३७ अंशाला. चार-पाच तासांनी एकदा पाहा आणि मग रात्रभर ठेवा. काही फाजचे प्लाक चार-पाच तासांतच दिसतात आणि सकाळपर्यंत एकमेकांत मिसळून जातात.

तपासा: प्रत्येक खेपेला तुलनेसाठी आणखी तीन प्लेट हव्यातच. नुसता यजमान: सलग, एकसारखा लॉन यावा. नुसता गाळलेला नमुना, यजमान नाही: काहीच उगवू नये. यजमान आणि नुसता एसएम बफर: लॉन यावा, प्लाक नकोत. तिसऱ्या प्लेटवर प्लाक दिसले तर तुमचा बफर किंवा पिपेट फाजने बाटलं आहे, आणि त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

## ७. प्लेट वाचणं: खरे प्लाक आणि सोंगं

प्लेट उजेडासमोर धरू नका. काळ्या कागदावर किंचित तिरकी धरा आणि दिव्याचा उजेड बाजूने येऊ द्या. स्वच्छ प्लाकच्या तळाशी खालचा अगार काळसर, चकचकीत दिसतो आणि कड रेखीव असते. बुडबुड्याची कड उजेडात चमकते आणि बोटाने प्लेट हलवली की तिची सावली हलते. अगारची गुठळी वर उचललेली असते.

गढूळ प्लाक म्हणजे अपयश नाही. लॅम्डासारखे फाज काही पेशी फोडतात आणि काहींच्या गुणसूत्रात जाऊन निवांत बसतात. त्या पेशी जगतात आणि प्लाकच्या मध्ये धूसर वाढ दिसते. प्लाकभोवती फिकट वलय असेल, तर फाजचं एखादं विकर जिवाणूंच्या बाहेरचं साखरेचं आवरण विरघळवत पुढे सरकलेलं असू शकतं. नोंद करा, फोटो घ्या.

आता त्या डागाविषयी, ज्याने सगळ्यांची फसगत होते. लॉनवर टाकलेल्या थेंबाखाली स्वच्छ डाग पडायला फाज सोडून निदान तीन कारणं असू शकतात. एक, कोलिसिन: ई. कोलायचेच काही प्रकार आपल्या भाऊबंदांना मारणारी ही प्रथिनं बनवतात आणि सांडपाण्यात, त्याहून जास्त समृद्धीकरणाच्या द्रवात, ती असतात. दोन, राहिलेला क्लोरोफॉर्म. तीन, एकाच पेशीवर इतके फाज एकदम चिकटतात की तिचं आवरणच फाटतं. यात फाज खरे असतात, पण त्या पेशीत ते वाढत नाहीत, आणि असा फाज तुमच्या यजमानावर पुढे वाढेलच याची खात्री नसते.

ओळखायची रीत एकच. त्याच द्रवाची आठही विरलनं एका लॉनवर ओळीने थेंब-थेंब टाका, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. कोलिसिन असेल तर डाग पायरीपायरीने फिकट होत जातो आणि नाहीसा होतो. फाज असेल तर एका टप्प्यावर डाग फुटून सुटे ठिपके दिसतात, त्याच्या पुढच्या विरलनात साधारण दहावा भाग. सुटे ठिपके दिसले नाहीत, तोवर वहीत ‘डाग मिळाला’ एवढंच लिहा.

## ८. एक प्लाक, तीन वेळा

सुट्या दिसणाऱ्या प्लाकमध्येही दोन फाज शेजारी असू शकतात. म्हणून शुद्धीकरण.

ज्या प्लेटवर प्लाक विरळ आहेत तीच निवडा. निर्जंतुक टिपेचं टोक प्लाकच्या मध्यात खालच्या थरापर्यंत खुपसा, अगारचा तुकडा उचलून ५०० मायक्रोलिटर एसएममध्ये सोडा, तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा. त्याची विरलनं करून पुन्हा दुहेरी थर. त्यातून पुन्हा एक सुटा प्लाक. असं सलग तीन वेळा करा. तिसऱ्या खेपेला सगळे प्लाक आकाराने आणि रूपाने एकसारखे हवेत. लहान-मोठे मिसळलेले दिसले तर चौथी खेप.

प्लाकच्या मधोमध एखादी घट्ट वसाहत दिसली तर ती टाळून कडेचा भाग उचला. ती बहुधा फाजला न जुमानणाऱ्या पेशींची असते.

## ९. लायसेट आणि टायटर

लायसेट म्हणजे पेशी फुटून बाहेर आलेल्या फाजचा द्रव. त्यासाठी शुद्ध फाजची अशी प्लेट ओता की प्लाक एकमेकांना जवळजवळ भिडतील, मधे लॉनचं बारीक जाळं उरेल. पूर्ण स्वच्छ प्लेट नको. तिथे यजमान लवकर संपला, म्हणजे फाजही कमी बनले. अशा प्लेटवर ५ मिलिलिटर एसएम ओतून ४ अंशाला चार-सहा तास ठेवा, अधूनमधून अलगद हलवा. द्रव काढा, सेंट्रिफ्यूज करा, ०.२२मधून गाळा.

टायटरसाठी पुन्हा आठ विरलनं, प्रत्येकाच्या दोन प्लेट. ३० ते ३०० प्लाक असलेल्या प्लेटच मोजायच्या. समजा नळी क्रमांक ६मधले १०० मायक्रोलिटर, म्हणजे ०.१ मिलिलिटर ओतले आणि ८४ प्लाक आले. मग ८४ × १० × १०,००,००० = ८४,००,००,०००, म्हणजे मिलिलिटरमागे ८४ कोटी प्लाक तयार करणारे एकक, ज्याला पीएफयू म्हणतात. ०.१ मिलिलिटरचा दहाचा गुणक विसरणं ही हिशेबातली नेहमीची चूक. यजमानाचे २०० मायक्रोलिटर किंवा अगारचे ४ मिलिलिटर या हिशेबात येत नाहीत.

तपासा: नळी ५च्या प्लेटवर न मोजता येण्याइतके आणि नळी ७च्या प्लेटवर आठच्या आसपास प्लाक हवेत. ७वर ४० आले असतील तर टिप बदलली गेली नव्हती किंवा नळी नीट मिसळली नव्हती. सोयीचा आकडा निवडू नका, विरलनं नव्याने करा.

## १०. साठवण आणि विल्हेवाट

लायसेट एसएममध्ये, घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत, अंधारात, ४ अंशाला. बरेचसे ई. कोलाय फाज असे महिनोन्महिने टिकतात, पण प्रत्येक वापराआधी टायटर पुन्हा काढा. चिठ्ठीवर फाजचं नाव, यजमानाचा प्रकार, नमुन्याची जागा आणि तारीख, शुद्धीकरणाची खेप, टायटर. पेन्सिलने किंवा न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा, फ्रिजच्या दवात बॉलपेन फिसकटतं.

लायसेटच्या नळ्या यजमान कल्चरच्या कप्प्यात ठेवू नका. ज्या पिपेटने लायसेट हाताळलं त्याने त्या दिवशी यजमान घेऊ नका. आधी यजमानाचं काम, मग फाजचं, असा दिवसाचा क्रम ठेवा. एकदा यजमानाच्या बाटलीत फाज शिरला की इतरांचे प्रयोगही बसतात आणि कारण सापडायला आठवडे जातात. काम संपल्यावर टेबल ताज्या बनवलेल्या ब्लीचच्या द्रावणाने पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. नुसतं अल्कोहोल पुसून भागत नाही, अनेक फाज त्याला दाद देत नाहीत.

प्लेट, टिपा, उरलेलं सांडपाणी आणि हातमोजे ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, १२१ अंशाला ३० मिनिटं. पिशवीचं तोंड सैल ठेवा, म्हणजे वाफ आतपर्यंत पोचते. क्लोरोफॉर्म असलेले नमुने मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाहीत आणि ब्लीचमध्येही मिसळायचे नाहीत. ते वेगळ्या काचेच्या बाटलीत साठवून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.